घाटातलं लग्न आणि डॅडींची गाडी

टेनेसी, ३ एप्रिल १९९४

ती. अर्लीनताईस,
वेंडेलचा सा. न. वि. वि.

पन्नाशी उलटल्यावर तू हार्लनशी लग्न करतेस, हे फार छान. पण डोंगरावरच्या चर्चला डॅडींच्या गाडीतून जायचं नाही म्हणतेस, ते का? पहिल्या लग्नाला तू त्याच घाटात नव्याकोऱ्या झग्यावर ओकलीस, मान्य. पण दोष गाडीचा नाही, तिच्या सस्पेन्शनचा! सरळ रस्त्यावर ती गोळीसारखी सुटते. वळण आलं की भरपेट जेवलेल्या पाद्रीबाबांसारखी कुशीवर कलते.

पुढच्या स्प्रिंगा, मागचे पाटे, धक्के जिरवणारे शॉकअप, सगळं बदलतो. दोन्ही बाजूंना बांधून धरणारा एक जाडजूड आडवा दांडाही टाकतो. मग कलून दाखव म्हणावं! डॅडींच्या आठवणीसाठी तरी हो म्हण.

तुझा हट्टी भाऊ,
वेंडेल

टेनेसी, २१ मे १९९४

ती. वन्संना,
ओपलचा कृ. सा. न.

तुमच्या भावाने मला कामाला लावलंय. मांडीवर घेवड्याच्या सूपचं पातेलं घेऊन मी घाटातून फिरते. सांडलं तर काम कच्चं. पहिल्या दिवशी माझा रविवारचा झगा गेला. नंतर वळणावर थेंब हलला नाही, पण रेल्वे फाटकात गाडी अशी उडाली की सूप थेट छताला! घेवडा कानातून काढताना मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते म्हणाले की शॉकअप जरा सैल करायला हवेत. माझी चौकशी नाही!

आता मात्र गाडी खरंच शहाणी झालीय. बेलाशक बसा. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला लग्नाला येता येणार नाही. सगळं सविस्तर कळवा, ह्यांच्या तोंडून फक्त टायरच ऐकायला मिळतील.

तुमची,
ओपल

ओहायो, १४ जून १९९४

चि. सौ. ओपल हिस,
अर्लीनचे अनेक आशीर्वाद.

कुणाला सांगू नकोस. मी मनाशी ठरवलं होतं की पोटात ढवळलं तर तो देवाचा इशारा समजायचा आणि माघारी फिरायचं. दुसऱ्यांदा संसार मांडायची इतकी धास्ती घेतली होती. पण अगं, काही ढवळेचना! वळणामागून वळण गेलं, मी आपली आरामखुर्चीत बसल्यासारखी. चर्च आलं, तेव्हा मीच वेंडेलला म्हटलं की थांबू नकोस, आणखी एक फेरी मार.

पायरीवर उभ्या हार्लनला वाटलं, नवरी पळाली. बिचारा पाद्रीबाबांचा खटारा घेऊन पाठलागावर! खाली रस्ता अडवून उतरला, टाय मानेवर गेलेला, डोळ्यांत पाणी. म्हणाला की लग्न नको असेल तर राहू दे, मी रागावणार नाही. पण निदान एकदा ह्या गाडीत बसू दे.

तिथेच माझी सगळी भीती पळाली. सरकून जागा दिली. तिघं पुढच्याच बाकावर दाटीवाटीने वर गेलो. आणि मग हा बाबा उतरेचना! शेवटी पाद्रीबाबांनी खिडकीशी वाकून आमचं लग्न लावलं, आणि इंजिनाच्या आवाजात माझा होकार त्यांना तीनदा विचारावा लागला. तिन्ही वेळा मी ओरडून हो म्हटलं.

गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो आता आम्हा दोघांचा समजावा.

तुझी,
अर्लीन