दहा दिवसांची सही

दाभोळ, १४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास, नेत्राचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर नुसतं "बघतो" म्हणतोस, म्हणून पत्र. धक्क्यावर होडीतला सिलिंडर फुटला तेव्हा हे नागरी संरक्षणाच्या तुकडीत पुढे होते. तू तपासून पाठवलेलं हेल्मेट डोक्यावर होतं. तोंडावरची काच फुटली नाही, पण तिचे गंजलेले स्क्रू तुटले आणि अख्खी काच आत घुसली. डावा डोळा गेला.

चौकशीवाले म्हणतात, ह्यांनी पट्टा सैल ठेवला. अरे, तो पट्टा दवाखान्यात कापून काढावा लागला! खाऱ्या वाऱ्यात चार महिन्यांत कडीकोयंडे सडतात, हे दर्यावर वाढलेल्या तुला कोणी शिकवायचं? चौकशीला खरं काय ते लिहून दे.

माया आटली नसेल तर उत्तर पाठव.
नेत्रा

पुणे, २३ ऑक्टोबर

चि. नेत्रास अनेक आशीर्वाद.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. माल दहा दिवस मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचा असतो. नागरी संरक्षणाच्या सरावाची तारीख जवळ आलेली, वरून घाई. मी दोन दिवसांत काढला आणि दहाची सही केली. स्फोटाच्या चाचणीत कोरं हेल्मेट उत्तम टिकलं, त्यावर विसंबलो.

लेखी दिलं तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. आमच्या राहीचं लग्न ठरतंय. जरा दम धर. गुणाजीरावांना तोंड दाखवायची माझी हिंमत नाही.

रागाव, पण परकं करू नकोस.
तुझा, आत्माराम

दाभोळ, ३ नोव्हेंबर

ती. दादास, रीत म्हणून नमस्कार.

तुझं पत्र ह्यांनी वाचून चुलीत घातलं. चौकशीत सांगून आले की पट्टा मीच सैल ठेवला होता. मी भांडले तर म्हणाले, "बायकोच्या भावाला तुरुंगात धाडून मला घास उतरेल का?" वर मला गळ्याची शपथ घातली. सुटलास तू. माझा मात्र जीव जळतो.

हेल्मेटं निर्दोष ठरली. गुदामातली उरलेली सोमवारी वाटणार आहेत. ह्यांच्या जागी आमच्या दर्शनने नाव दिलंय, काल कळलं. ह्यांना अजून बोलले नाही. नको जाऊस असं मी म्हटलं, तर पोरगा मलाच समजावतो, "आई, मी बाबांसारखा हलगर्जीपणा करणार नाही."

रविवारपर्यंत तू लिहून दिलं नाहीस तर मी शपथ मोडणार. माझ्यावरचा लोभ राहू दे. भाच्यावर असेल तर सोमवारच्या आत दाखव.
नेत्रा