चूक नवव्या ओळीत होती

प्रिय दादा,

तुझं भाषण पाहिलं. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरचं काम चूक पकडणं, नवशिक्यांची समजूत काढणं नव्हे, असं म्हणालास आणि टाळ्या पडल्या. समोर सगळे तुझ्यासारखेच बसलेले, टाळ्या वाजवायला त्यांचं काय जातंय!

बाबा निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकताहेत, हे तुला ठाऊक नसणारच. भाषा निवडली तीही तुझीच, मुलानं बनवलेली म्हणून. जन्मभर घरांचे नकाशे काढलेला माणूस, कुंड्यांना पाणी कधी घालायचं ते सांगणारा छोटासा प्रोग्रॅम लिहीत होता. छान चाललं होतं. मग तुझा कंपायलर म्हणाला, ‘ओळ ८६: अनपेक्षित शेवट.’ बाबांनी ती शेवटची ओळ पुसली, पुन्हा लिहिली, चष्मा बदलून वाचली. तिच्यात खोट नव्हतीच. नवव्या ओळीत उघडलेला कंस बंद करायचा राहिला होता. तो कुठे उघडला हे कंपायलरला पक्कं माहीत असतं, पण सांगायची तसदी कोण घेणार? तू तर नाहीच.

तुला हे क्षुल्लक वाटेल. बाबांना वाटलं, आपलं डोकं चालेनासं झालं. आजोबा शेवटी घरातल्यांनाही ओळखत नव्हते, ते त्यांनी जवळून पाहिलंय. त्यांनी स्कूटर सोडली, गॅस पेटवायला घाबरू लागले, आणि कुणाला न सांगता मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तेही त्यांना पटेना. मला म्हणाले, “डॉक्टर चुकू शकतात गं. हा माझ्या मुलाचा कंपायलर आहे.” एवढ्या विश्वासाच्या लायकीचा तू कधीच नव्हतास.

मी कंस लावला, प्रोग्रॅम चालला. बाबांनी तो आणखी दोनदा चालवून पाहिला. मग म्हणाले, दादाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. तुला वाईट वाटतं हा त्यांचा आणखी एक भाबडा समज.

तुझ्या कंपायलरचा कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणून तो संदेश मी सुधारलाय. आता तो म्हणतो, ‘नवव्या ओळीत उघडलेला कंस बंद झालेला नाही.’ दुरुस्ती तुझ्याकडे मंजुरीला आलीच असेल. तिच्यासोबत याच संदेशाबद्दलची एक जुनी तक्रार जोडली आहे. ‘आधी नीट वाचायला शिका’ एवढंच लिहून तू ती बंद केली होतीस. टोपणनावानं ती बाबांनी पाठवली होती. उत्तर कुणाचं, हे त्यांनी लगेच ओळखलं, आणि तू म्हणालास म्हणून ती शहाऐंशीवी ओळच ते पुन्हा पुन्हा वाचत बसले.

तुझीच, नाइलाजानं,
धाकटी