सरोजची वेणी

बोईसर, शुक्रवार

आये,

तुझी पारू पाया पडते. तिकडं फोन लागत नाय, म्हणून लिहिते; नवशादादा वाचून दाखवील. शेजारच्या कंपनीत स्फोट झाला, ते कानावर आलं असंल. मी धडधाकट हाय. नाचणी झोडून झाली का? तुझा गुडघा कसा हाय?

माझ्या खोलीतली सरोज त्या स्फोटात गेली. बिहारची होती. तिची आई यायला दोन दिवस लागणार होते. आमी चाळीतल्या बाया इस्पितळात गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "हिला धुवायला कोण बाई येतेय का?" सगळ्या खाली बघत राहिल्या. आपल्या हिरव्या देवाला मी मनात म्हटलं, तुला हात पायजेत तर माझे घे. आणि पुढं झाले.

अंग फार जळालं होतं. सगळं सांगत नाय. मागं थोडे केस राहिले होते, त्यांची वेणी घातली.

तिच्या आईनं चादर उचलून बघितलं नि विचारलं, "चोटी किसने बनाई?"

"मैंने."

तिनं माझे हात धरले, ते सोडीचना.

आता इस्पितळवाल्यांनी माझा नंबर घेतलाय. अशी कोण बाई आली की बोलावतील. मी हो म्हटलंय. जेवण थोडं कमी जातं, बाकी बरी हाय.

मावशीला एक विचारून ठेव. तिच्या वनिताच्या लग्नात मढं धुतलेले हे हात हळदीला लावू देतील का? नाय म्हणाली तरी मी येईन. लांब बसेन.

तुझी लेक,
पारू