पाहुण्याचं ताट

२७ जुलै, रवि. मेहरूण
मुक्ताने गृहपाठ दिलाय. लेक पुण्यात समुपदेशन शिकते, सरावाला बाप फुकट. रोज आपल्या भावनेचं नेमकं नाव लिहायचं. 'ठीक' चालणार नाही. पाठशाळेत रसशास्त्रातले तेहेतीस संचारी भाव घोकले होते. त्यांत 'ठीक' नव्हता, हे खरं.
आज: ग्लानि. (पित्तही असेल.)

२९ जुलै, मंगळ
रविवारी कानबाईचा सण. साक्रीकडे आमच्या गावी रोट होतील. नाना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू काढतो, ते दळून देवीच्या प्रसादाचे जाड रोट. मी गेलो न गेलो, माझी मूठ कधी चुकली नाही. पण यंदा मी आमच्या पेपरात गावची बातमी दिली: सरकारी कागदावर विहीर, जागेवर बाभळी. सरपंच नाना. सख्खा मोठा भाऊ. बातमी खरी. तेव्हापासून फोन नाही.
आज: शंका.

३ ऑगस्ट, रवि. गावी
गेलो. ओट्यावरचा नाना उठून उभा राहिला. "या, बसा." जन्मात मला 'ये रे'शिवाय बोलला नव्हता. मग आत वळून, "पाव्हनासले ताट वाढा."
वरण-भात, पुऱ्या, वर तूप. पलीकडे भाऊबंदांच्या पंगतीत रोट. ते पाहुण्याला देत नाहीत. पुतणे माना खाली घालून जेवले.
हात धुताना वहिनी हळूच म्हणाली, "औंदा तुन्ही मूठ नही लिधी, भाऊ."
मी म्हटलं, पुऱ्या झकास झाल्यात.

४ ऑगस्ट
क्रोध. खोडलं. अमर्ष, म्हणजे अपमान न सोसणं. तेही खोडलं, सोसला की, वर दोन पुऱ्या मागून घेतल्या. निर्वेद, म्हणजे विरक्ती? ती साधूंना.
मुक्ताला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, यातलं मोठ्या बाबांना काय कळेल?"
बापावर गेलीय, नेमका प्रश्न विचारते. वाईट खोड.

७ ऑगस्ट, गुरु
वहिनीचा फोन, दबक्या आवाजात. "रोट पुनी लगून शेतस, भाऊ." पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे असतात. नानाला न विचारता केलेला फोन, कळत होतं.
नानाला काय म्हणायचं ते लिहून पाहिलं: बातमी मागे घेणार नाही. पण मला वेगळं बसवलंस तेव्हा
वाक्य पुरं होत नाही. जन्मभर पेपरात दुसऱ्यांची पुरी करतोय.

८ ऑगस्ट, शुक्र
उद्या पौर्णिमा. तेहेतिसांत नाही सापडलं. शेवटी आईच्या बोलीत सापडलं: नाना, माले वाईट वाटनं. दोनदा म्हणून पाहिलं, मग फोन लावला.
"बोला," नाना म्हणाला.
बोला.
मी विचारलं, पाऊस कसा आहे.
"शे."
आहे, एवढंच. त्याने फोन ठेवला नाही. मीही…