अर्जामागच्या अकरा गाठी

ती. मावशी,

तुझ्या सुईला, कातरीला आणि तुला (याच क्रमानं, कारण आधी हत्यारं आणि मग माणसं, हा तुझाच नियम) माझा नमस्कार. तू ठणठणीत असशील, त्याबद्दल मला तिळमात्र काळजी नाही. मीही बरी आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, आणि तू रफू करून पाठवलेला राखाडी कोट रोज घालते. कोपराशी नेमका कुठं फाटला होता ते आता मलाही शोधून सापडत नाही. अक्षर नेहमीपेक्षा मोठं दिसेल. पेन जाड मिळालं, दुसरं काही कारण नाही.

पत्र लिहिण्याचं निमित्त असं, की माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे आणि तीत तुझा निम्मा वाटा आहे. (निम्म्याहून जास्तच, पण सुरुवातीलाच भांडण नको.)

आमच्या विद्यापीठात संशोधनासाठी एक छोटंसं अनुदान देतात. अनुदान छोटं असलं तरी अटी मोठ्या आहेत. कामात दोन निराळे विषय हवेत आणि दोन निराळे देश हवेत. स्थळं जुळवण्यासारखाच प्रकार, फक्त इथं दोन्ही घरांचं एकमेकांशी जितकं कमी पटेल तितकं उत्तम. माणसाच्या बोटांना स्पर्श कसा कळतो ते मी मोजते, हे तुला ठाऊक आहेच. (तू शेजारपाजारी ‘आमची डॉक्टर झालीय, पण कुणाला बरं करत नाही’ असं सांगतेस, हे मलाही ठाऊक आहे.) समुद्रापलीकडे एक गणिती आहे, तो उभं आयुष्य दोऱ्याच्या गाठींचं गणित मांडत बसलाय. मी त्याला गाठीवाला म्हणते. त्यानं मला विचारलं, की फाटलेल्या विणीत धागा भरताना पुढचा टाका कोण ठरवतं, डोळे की बोटं? मी कळवलं, की माझी मावशी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, खिडकीबाहेर बघत रफू करते. उलटटपाली नुसती तीन उद्गारचिन्हं आली. तिथून तुझ्या बोटांवरचा हा अर्ज निघाला.

अर्जावर सह्या मिळवताना माझ्या चपला झिजल्या. गणितवाले म्हणाले, हे शिवणकाम आहे. आमचे विभागप्रमुख म्हणाले, हे गणित आहे. वस्त्रविभागात गेले तर तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, की इथं नवं कापड विणायला शिकवतात, जुन्याचं काय करायचं ते आम्ही बघत नाही. (मला तुझी फार आठवण झाली. तू त्या बाईंच्या पदराचा कोपरा नुसता चिमटीत धरला असतास आणि कापडाची सगळी कुंडली मांडली असतीस.) शेवटी तिघांनीही ‘विषय आमचा नाही, परंतु आमची हरकत नाही’ या एकाच मजकुराखाली सह्या केल्या. अनुदानाला नेमकं तेच हवं असतं, हे मला मागाहून कळलं.

आता तुझ्या वाट्याची गोष्ट. अर्ज द्यायच्या दिवशी सकाळी मी तो शेवटचा वाचला आणि मला त्यात कच्च्या जागा दिसायला लागल्या. एका ठिकाणी आम्ही दहाच माणसांवरून अनुमान काढलं होतं. एका ठिकाणी मी ‘निश्चित’ लिहिलं होतं, तिथं ‘बहुधा’ हवं होतं. अशा एकूण अकरा. दुसऱ्या कुणी त्या गुपचूप झाकल्या असत्या. पण मी शाळेत जाण्याआधी चार वर्षं तुझ्या दुकानातल्या स्टुलावर शिकले. बेरीज धाग्यांवर, वजाबाकी उसवण्यावर, वाचन गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर. आणि सगळ्यात पहिला धडा हा, की रफू कितीही बेमालूम झालं तरी कापडाच्या आतल्या बाजूनं लाल धाग्याची एक बारीक गाठ ठेवायची आणि गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायची. न सांगितलेलं रफू म्हणजे खोटं बोलणं. (पुढं शाळेतल्या पहिल्याच परीक्षेत मी माझ्या चुकलेल्या उत्तरांवर लाल खुणा करून पेपर दिला. बाईंना वाटलं, हा आधीच तपासून झालाय, आणि त्यांनी तो तसाच गठ्ठ्यात ठेवून दिला. ते गुण मला अजून मिळायचे आहेत.)

तर मी सुई घेतली आणि प्रत्येक कच्च्या जागेमागं, कागदाच्या पाठीवर, एकेक लाल गाठ मारली. शेवटी तळटीप दिली, की जिथं गाठ लागेल तिथं अर्जदाराची खात्री नाही.

अर्ज घेणाऱ्या कारकुनांनी पानांवरून हात फिरवला आणि विचारलं, “बाई, हा अर्ज आहे की गोधडी?” मी त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि अर्ज स्कॅनिंगच्या यंत्रात सरकवला. यंत्रानं चौथ्या पानाची गाठ धरली, धागा ओढला, आचका दिला आणि मान टाकली. दुरुस्तीवाला येईपर्यंत माझ्यामागं सतरा प्राध्यापक रांगेत उभे होते, आणि सतराही जण माझ्याकडे बघत होते. परिणामी, निवड समितीपुढं बाकी सगळ्यांचे अर्ज पडद्यावर गेले आणि माझा एकटीचा मूळ कागद हातोहात फिरला.

समितीत तिघं होते. पुलांचे इंजिनिअर, कीटकांचे अभ्यासक आणि अध्यक्षस्थानी इतिहासाच्या बाई. मुलाखतीला मी आत गेले तेव्हा इंजिनिअर डोळे मिटून पानांमागून बोटं फिरवत होते. मला म्हणाले, “अकरा म्हणता? मला नऊच लागल्या.” कीटकवाले म्हणाले, “द्या इकडं, तुमच्या बोटांना सिमेंट चढलंय.” त्यांना दहा सापडल्या. मग दोघांची जुंपली. इतिहासाच्या बाईंनी मात्र एकही गाठ मोजली नाही. त्यांनी विचारलं, “ज्यांच्या हातांवर हे सगळं उभं आहे, त्या मावशींना विचारलंत?”

मावशी, मी तुला विचारलं नव्हतं. तेरा पानं लिहिली, तीन सह्या आणल्या, एक यंत्र मोडलं, पण तुला एक ओळ लिहिली नाही. बाई हळूच म्हणाल्या, “बारावी गाठ इथं मारायला हवी होती.” अनुदान मंजूर झालंय, पण तुझ्या होकाराच्या अटीवर. तू ‘नको’ म्हणालीस तर अर्ज रद्द, आणि मी एका शब्दानं रुसणार नाही. होकार असेल तर पुढच्या महिन्यात गाठीवाला येईल, माझ्या जुन्या स्टुलावर बसेल आणि तुझी बोटं बघेल. इतकंच.

तुझी
रीळ
(हे नाव तूच ठेवलंस. एकदा सुटले की थांबत नाही म्हणून.)

ता. क. गाठीवाल्याला आपली भाषा येत नाही. मी त्याला एकच वाक्य शिकवलंय, तुझ्या दुकानात मी पहिलं शिकले तेच, ‘दोष कुठे आहे?’ दारात पाऊल टाकताच तो तुला हे विचारेल. रागावू नकोस.

ता. क. २. शेजारच्या इस्त्रीवालीलाही रागावू नकोस. तिनं फोनवर मला काहीही सांगितलं नाही. ‘मावशी अगदी मजेत, अगदी मजेत’ असं सात वेळा म्हणाली, एवढंच.

ता. क. ३. कोटाच्या आतली गाठ मी पाहिली. रफू नेहमीसारखंच बेमालूम आहे, बोटं अजून तीच आहेत. पण मावशी, गाठ हिरवी आहे.

या पत्राच्या मागं दोन गाठी मारल्या आहेत. एक ‘मला तिळमात्र काळजी नाही’ याच्या पाठीशी, दुसरी ‘पेन जाड मिळालं’ याच्या. हात फिरव, लागतील. माझे दोष सांगून झाले. गाठीवाला दारात उभा राहून विचारेल त्याच्या आधी तुझा मला सांग. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येते. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, अर्जाचं नंतर बघू.