एक्केचाळिसावी हाक

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची. नातीच्या घराला लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे आणि बाळंतपणाला अजून पाच आठवडे आहेत. ठकीचं पोट चांगलं पुढे आलंय, पण चाल हलकी आहे. नातजावई बोटीवर नोकरीला, तो उगवेल तेव्हा उगवेल. तोवर सगळा कारभार माझा. ही वही ठकीनेच दिली. म्हणाली, आजी, रोज लिही, डोकं शाबूत राहतं. मी म्हटलं, डोकं शाबूतच आहे, चौथीच्या पुढची अक्षरं तेवढी कुणी शिकवली नाहीत.

ठकी लढाईचे व्हिडिओ गेम खेळते आणि त्याचा पगार घेते. खेळात चुका शोधायच्या. माणूस भिंतीतून आरपार गेला किंवा मेलेला उठून बसला, की लिहून द्यायचं. आमच्या वेळी असली कामं असती तर मी सुईणपण कशाला केलं असतं!

संध्याकाळी तिच्या कंपनीतला आवाज भरणारा घरी आला होता. कानांवर सदा ती दोन डबडी, म्हणून मी त्याला कानवाला म्हणते. मी तेव्हा गॅलरीतून वॉचमनचा उद्धार करत होते. हा दारातच थांबून ऐकत राहिला, आणि विचारतो कसा, आजी, आमच्या खेळातल्या म्हातारीला आवाज द्याल का? मी विचारलं, ती भांडते का? म्हणाला, भांडत नाही, मरते. म्हटलं चला, तेवढाच सराव.

५ तारीख, बुधवार

आज चाळीस वेळा मेले.

कंपनी टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आहे. आवाजाच्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना स्पंज, दार फ्रिजच्या दारासारखं जाड. कानवाला काचेपलीकडून सांगायचा आणि मी मरायची. छातीत गोळी, पोटात गोळी, जिन्यावरून पडून, लांबून, जवळून. त्याला वाटलं मला शिकवावं लागेल. अरे, सातशेवर बाळंतपणं केलीत मी. किंकाळी कशी असते ते मला तू सांगणार? तिसऱ्या किंकाळीला त्याने डबडी काढून कान चोळले.

शेवटी अर्धा मिनिट गप्प बसायचं असतं. नुसत्या खोलीची शांतता भरून घेतात म्हणे, आवाजांच्या फटीत लावायला. शांततेचेही पैसे मिळतात हे माझ्या नवऱ्याला कळलं असतं, तर जन्मभर कमावलं असतं त्याने.

६ तारीख, गुरुवार

कानवाल्याने बोलावून विचारलं, चाळीस ठरल्या होत्या, एक्केचाळीस कशा भरल्या? मी म्हटलं, मोजता येत नाही तुला. त्याने ऐकवलं.

आवाज बाईचा, पण माझा नाही. शब्द कुठल्या भाषेतले, त्यालाही कळेना, मलाही. पण हाक कळली. धापा टाकत, एकच शब्द तीनदा, आर्जव आणि हुकूम एकत्र. ही हाक मी चाळीस वर्षं माझ्या दारात ऐकली आहे. घरात बाई अडली की सासू अशीच धावत येते. बाई, चला, चला, चला.

कानवाल्याला वाटलं मीच काहीतरी बरळले. झकास आहे म्हणाला आणि खेळात घालून टाकली.

अर्धा मिनिट शांतता भरली होती ना, ती हाक त्यातली आहे.

७ तारीख, शुक्रवार

आज खेळाची गोष्ट कळली. गोष्ट लिहिणारा पोरगा फार अभिमानाने सांगत होता. सैनिक परक्या गावात लपलेत. पहाटे एक म्हातारी त्यांना बघते आणि ओरडत पळत सुटते. खेळणाऱ्याने ठरवायचं, गोळी घालायची की सोडायची. सोडली तर ती शत्रूला घेऊन येते आणि तुमचे चौघे मरतात. घातली तर सगळे सुखरूप घरी. म्हणे, यात नैतिक पेच आहे.

मी म्हटलं, कसला पेच? जेवतोस की मार खातोस, असं विचारतोस आणि वर म्हणतोस, मर्जी तुझी. मीही पोरांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण दया करणाराचं वाटोळं होतं अशी एकही नाही.

तो ओशाळला. म्हणाला, हे साहेबांनी सांगितलं तसंच आहे. साहेब म्हणजे त्यांचा सल्लागार, फौजेतून निवृत्त, खेळात पैसेही घातलेला. कोपऱ्यात चहा पीत होता. म्हणाला, हे खरंच घडलंय, गोळी मीच घातली, म्हणून चौघे वाचले. मी विचारलं, सोडली असती तर चौघे मेले असते हे कसं कळलं? सोडलीच कुठे? तिची भाषा येत होती का? नाही म्हणाला. तिच्या हातात लोखंडी काहीतरी होतं म्हणे.

चहा अर्धा टाकून उठला. खाई त्याला खवखवे.

१० तारीख, सोमवार

दोन दिवस डोक्यात तेच. ती एक्केचाळिसावी हाक याच म्हातारीची, आणि पहाटेच्या अंधारात धावताना हातात लोखंडी असणार ते कंदीलच. आज फौजीला गाठला. म्हटलं, तुमच्या म्हातारीच्या हातात कंदील होता. सून अडली होती. ती सुईणीला आणायला धावत होती. एका गोळीत तीन जीव गेले.

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं त्याने. खोटं आहे असं म्हणाला नाही. म्हणजे कंदील त्याने नंतर पाहिला होता.

मी कंपनीच्या मालकाला सांगितलं, गोष्ट बदला. तिला सोडलं तर तिच्या घरात मूल जन्माला येऊ दे. मालक हसला. फौजी म्हणाला, बदललं तर माझं नाव काढा आणि पैसे परत द्या. संपला विषय.

आता कळलं हा खेळ कशाला हवा आहे त्याला. लाख माणसांनी तेच बटण दाबलं की याचं पाप लाख बोटांना वाटलं जाईल. करून सवरून नामानिराळा. थांब मेल्या.

११ तारीख, मंगळवार

उरलेल्या दोन ओळी भरल्या. मग शांततेचा अर्धा मिनिट. आवाज भरायला लागल्याचा लाल दिवा लागल्यावर मी तोंड न उघडता मनात म्हटलं, ये बाई. माझा गळा घे. सांग त्याला काय सांगायचं ते. सोडू नकोस.

बंद खोलीत रॉकेलचा वास आला.

१३ तारीख, गुरुवार

ठकीने नवी चूक लिहून दिली. म्हातारी गोळी खाल्ल्यावर उठते आणि खेळणाऱ्याकडे चालत येते. कानवाला म्हणतो, असं कुणी केलेलंच नाही.

मी केलंय. मला हसू आवरेना.

१४ तारीख, शुक्रवार

फौजी म्हणाला, बघू, मी मारून दाखवतो. जेवणाच्या सुट्टीत बसला. लोक परतले तरी बसलेलाच. गोळी घाली, ती उठे. घाली, उठे. हात ओढून काढला तर बोट हवेत तसंच दाबत होतं. नजर पडद्यावर. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. जिन्यात तो एकच शब्द तीन-तीनदा म्हणत होता, तिच्या भाषेत.

मला वाईट वाटलं नाही. लिहून ठेवते, उगाच मागाहून कुणी म्हणायला नको.

१५ तारीख, शनिवार

फिटलं असं वाटलं होतं. पण आज घरात रॉकेलचा वास.

ठकी भाजी चिरताना थांबली. उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वळत होतं. विचारलं, त्या म्हातारीला तू किती वेळा मारलंस? हसत म्हणाली, आजी, तेच तर माझं काम. प्रत्येक गोळीची नोंद असते. फोनवर दाखवली.

एकोणीसशे बारा.

सूड मागताना हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? सोडू नकोस म्हटलं मी. कुणाला, ते सांगितलंच नाही.

१६ तारीख, रविवार

भर दुपारी दारात हाक. एकच शब्द. तीनदा.

ठकीला ऐकू येत नाही. मी मोठ्याने म्हटलं, जा बाई, ज्याने केलं त्याला मिळालं. ही पोटुशी आहे. तिने पोटासाठी बटण दाबलं.

हाक थांबली नाही. फौजीनेही पोटासाठीच—

मीच उत्तर दिलं की तिच्या बाजूने.

१७ तारीख, सोमवार

पाणी गेलं. तीन आठवडे आधी. दवाखान्याची गाडी निघाली म्हणतात. शेजारीण ठकीजवळ बसली आहे.

हाक आली की कळ थांबते. हाक थांबली की कळ येते. मूल पुढे सरकत नाही. माझे हात सांगतात, सगळं सरळ आहे, अडायचं कारण नाही.

कारण दाराबाहेर आहे. तिची सून अडलीय तोवर माझी नात—

तिला गोळी घालायची की सोडायची, एवढेच दोन रस्ते लिहिलेत त्या पोराने. तिच्याबरोबर जायचं, हे कुणाला सुचलंच नाही.

हात धुतले. कात्री उकळून घेतली. दोरा घेतला. हाकेला मी कधी नाही म्हटलं नाही. आज काय म्हणून—

फौजी तिकडे, तिच्या गावात, दिसला तर कंदील त्याच्याच हातात देईन. धर म्हणावं, हलू नकोस. बघ आता काय केलंस ते.

ठकी ओरडते आहे. चांगली ओरडते आहे. कळ आली. ये गं, ये—

दाराच्या भिंगातून पाहिलं.

एकटी नाही.

तिच्या मागे तीच. तिच्या मागे पुन्हा तीच. जिना खालपर्यंत भरलाय, प्रत्येकीच्या छातीत भोक, हातात कंदील. सगळ्यांच्या सुना—

आजवर सातशे केली. आता एकोणीसशे बारा. ठकीची धरून एकोणीसशे ते

कडी काढते. आले गं, आले, आ