पोचा आलेलं ताट

चिक्कडपल्ली, हैदराबाद
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय त्रिवेणी,

अनेक आशीर्वाद. स्नेहाला गोड पापा. कॉलेजात गेली म्हणून मामीचा पापा चुकत नाही म्हणावं.

पत्र बघून हसशील. पण फोनवर ठराविक नाव निघालं की तू "कुकर लावलाय" म्हणून फोन ठेवतेस. पत्रात कुकरची सोय नाही. असो, आधी माझ्या गुडघ्याचं ऐक.

संधिवातानं उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता, तुला ठाऊकच आहे. गोळ्या झाल्या, पाणी काढून झालं. शेवटी गेल्या आठवड्यात त्यात किरणोत्सारी औषध टोचलं. अगं, खरंच! अणुभट्टीत तयार झालेलं, शिशाच्या डब्यात बसून विमानानं आलं. दोन-तीन दिवसांत त्याचं तेज निम्मं होतं, म्हणून आलं की टोचायचं, थांबायचं नाही. डॉक्टरीणबाई जाड काचेआड, सिरिंजला चिलखत, आणि आत औषध केवढं? चमचाभरही नाही! नर्स म्हणाली, "भयपडकंडी अम्मा," घाबरू नका. मी कसली घाबरतेय, मी आ वासून बघत होते. ते आतलं सुजलेलं अस्तर तेवढं जाळतं म्हणे, सांध्याबाहेर काही करत नाही. एका बाईच्या गुडघ्यासाठी एवढं काही इतक्या लांबून येतं, या विचारानं मला रडूच आलं. गुण यायला महिना-दीड महिना लागेल. नाही आला तरी मी हात जोडलेत त्याला.

दोन दिवस पायाला फळी बांधून पडून राहायचं होतं. जवळ बसा, एकत्र जेवा, काही हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तुझ्या दादाला बजावून सांगितलं. पण तो पडला बँकेचा मॅनेजर! फोनवर काय काय वाचलं आणि माझी खाट मागच्या खोलीत टाकली. वेगळं ताट हवं म्हणून माळ्यावर चढून ते जर्मनचं ताट काढलं.

तेच, त्रिवेणी. कडेला पोचा आलेलं. आपण दोघी बाजूला बसायचो तेव्हा ज्यात जेवायचो, आणि सुट्टीत आलेल्या स्नेहाला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईंनी जे लांबून तिच्यापुढे सरकवलं. तू लेकीचा हात धरून त्याच संध्याकाळी निघालीस, ती पाच वर्षं फिरकली नाहीस. बघ, आलंच नाव. पत्र ठेवू नकोस.

दुपारी आई काठी टेकत दारात आल्या. मी वरणभात कालवत होते. ताटाकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं, चक्कर येतेय.

"हे कुणी काढलं?"

"ह्यांनी. माझ्यात किरण आहेत ना, बाजूला बसवलंय." मी आपली हसत म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. आत आल्या. बाहेरून तुझा दादा ओरडतोय, "नक्को आई, नक्को!" त्या खाटेवर माझ्या शेजारी टेकल्या, आणि मी कालवलेला भात माझ्या ताटातून उचलून तोंडात घातला. आईंनी, त्रिवेणी! आपला हात चुकून लागला तर ओटा धुऊन काढणाऱ्या आईंनी माझं उष्टं खाल्लं. अंगावर काटा आला गं माझ्या. त्या शिशाच्या डब्यापुढेसुद्धा आला नव्हता.

"त्या दिवशी पोरीला घास गिळवत नव्हता," म्हणाल्या. "मला दिसत होतं. तरी बसून राहिले मी."

फळी सुटली, मी पुन्हा सगळ्यांत जेवते. त्या ताटात आता रोज आई जेवतात. दादा ते भंगारात द्यायला निघाला तर अशा डाफरल्या! "स्नेहा येऊन माझ्या हातातून काढून घेईल तेव्हा सोडीन. नाही आली तर मरेपर्यंत हेच." ब्याऐंशीव्या वर्षी माफी मागायला तोंड उघडत नाही त्यांचं. त्यांना एवढंच जमतंय.

तू रागव, तुझा हक्क आहे. स्नेहाला मात्र हे पत्र वाचून दाखव आणि तिला काय वाटतं ते विचार. आत्ता आई समोर जेवायला बसल्यात. कुणाला लिहितेस, असं विचारत नाहीत. स्नेहाला अजून आंबट वरण आवडतं का, एवढं मात्र दोनदा विचारून झालं.

तुम्हां दोघींच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आम्ही दोघी,
योगिनीवहिनी
आणि आई